गिरणीच्या पट्ट्यापासून ओम्नीच्या बेल्टपर्यंत



नेहमी भात, वाल, खारं पाणी आणि बांधबंदिस्तीवर लिहितो. आजची नोंद जरा वेगळी आहे. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, राब भाजून झाले होते आणि पावसाला अवकाश होता, तेव्हा मी आणि पोराने घराच्या खळ्यात आमच्या जुन्या ओम्नीचा क्लच आणि टायमिंग बेल्ट बदलला. तीन दिवस लागले. शेजारचे म्हातारे बाबा खाटेवर बसून बघत होते. ते म्हणाले, "अरे, भात सोडून हे कुठं शिकलास?"

मी म्हटलं, "बाबा, भातातच शिकलो." त्यांना ते हसण्यावारी वाटलं. पण खरंच तसं आहे. म्हणून ही नोंद लिहायला घेतली. गाडीतले हे दोन भाग कुठून आले, आपल्या उरणच्या माणसाच्या हाताला कसे लागले, आणि आता हातातून कसे निसटायला लागलेत, ते सांगतो. लांबलचक आहे, पण सवडीने वाचा.

आधी दोन्ही भागांचं काम दोन वाक्यांत सांगतो. क्लच म्हणजे इंजिन आणि चाकं यांच्यामधला सोड-धर करणारा भाग. इंजिन चालू ठेवून गाडी उभी करायची तर कुठेतरी ती जोडणी तोडावी लागते. टायमिंग बेल्ट म्हणजे इंजिनातला खालचा दांडा आणि वरचा दांडा यांना एका तालात फिरवणारा दात्यांचा पट्टा. खालचा क्रँक दोन फेरे घेतो तेव्हा वरचा कॅम एकच फेरा घेतो. हा हिशेब चुकला की वॉल्व भलत्या वेळी उघडतात आणि इंजिनाचा जीव जातो.

गिरणीतला पट्टा

माझ्या लहानपणी उरण-पनवेल म्हणजे भात, मिठागरं आणि मासळी. भात भरडायला गिरणी. आमच्या जवळच्या गिरणीत एक सिलिंडरचं डिझेल इंजिन होतं. हॅन्डल मारून चालू करायचं. त्याच्या मोठ्या फ्लायव्हीलवरून रुंद पट्टा निघायचा तो वरच्या लांब शाफ्टवर. शाफ्टवरून दुसरे पट्टे खाली यायचे, एक हलरला आणि एक पिठाच्या चक्कीला.

बा बरोबर भाताच्या गोणी घेऊन गेलो की मी त्या पट्ट्याकडेच बघत बसायचो. हलरजवळ दोन पुल्या शेजारी शेजारी असायच्या. एक शाफ्टला घट्ट बसवलेली, दुसरी नुसतीच फिरणारी, तिला लूज पुली म्हणायचे. पट्टा लूज पुलीवर असला की इंजिन चालायचं पण हलर उभा. मिस्त्री लाकडी दांड्याने पट्टा हळूच ढकलायचा, तो घट्ट पुलीवर सरकायचा, आणि हलर घरघरायला लागायचा. भात संपलं की पट्टा परत लूजवर. इंजिन बंद करायची गरज नाही.

मंडळी, तोच क्लच. नाव नव्हतं एवढंच.

पट्टा घसरायला लागला की मिस्त्री त्याला राळ लावायचा, म्हणजे पकड यायची. फार कोरडा पडला तर तेलाचा हात. शिलाई उसवली तर पट्टा उतरवून शिवायचा. मला तो एकदा म्हणाला होता, "पट्टा जोरात ढकलशील तर तुटेल, फार हळू ढकललास तर जळेल." पुढे गाडी चालवायला शिकलो तेव्हा क्लचच्या पायाला हेच लागू पडलं.

जर्मनीतली बाई आणि बेळगावचं सायकलचं दुकान

आपल्याला वाटतं मोटार म्हणजे शहरातली, कारखान्यातली वस्तू. पण सुरुवातीला मोटारीत गिरणीचंच सामान होतं. जर्मनीत कार्ल बेंझने १८८६ साली तीन चाकांची जी पहिली मोटार केली, तिच्यात आजच्यासारखी क्लच प्लेट नव्हती. चामड्याचा पट्टा होता. गाडी उभी असली की पट्टा लूज पुलीवर, चालवायची की सरकवून घट्ट पुलीवर. आमच्या गिरणीच्या मिस्त्रीला त्या गाडीवर बसवलं असतं तर त्याने पहिल्या दिवशी चालवली असती.

त्या गाडीची पहिली लांब फेरी १८८८ च्या ऑगस्टमध्ये झाली, आणि ती कार्लने नाही, त्याची बायको बेर्टा बेंझने केली. नवऱ्याला न सांगता दोन पोरांना घेऊन ती मानहाइमहून माहेरी फोर्त्सहाइमला निघाली. वाट सुमारे शंभर किलोमीटरची. वाटेत इंधनाची नळी तुंबली तर तिने टोपीच्या पिनने साफ केली. इंधन संपलं तर औषधाच्या दुकानातून घेतलं. साखळीने त्रास दिला तर लोहाराकडून नीट करून घेतली. उतारावर ब्रेकचं लाकूड झिजलं तर चांभाराकडून त्यावर चामडं ठोकून घेतलं. चढ आला की पोरं उतरून ढकलायची. म्हणजे मोटारीचा पहिला लांबचा प्रवास हा वाटेवरच्या दुरुस्तीचाच प्रवास होता. लोहार, चांभार आणि एक घरची बाई, या तिघांनी ती गाडी पोचवली.

त्याच १८८८ साली आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलचं दुकान काढलं. सायकलीवरून ते शेतीच्या अवजारांकडे आले. १९०३ साली लोखंडी नांगर, १९१० साली किर्लोस्करवाडी, आणि १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांची कंपनी. गावोगाव विहिरींवर आणि गिरण्यांत पट्टा फिरवणारी इंजिनं त्यातूनच आली. साताऱ्याच्या कूपरचं नावही जुन्या लोकांना आठवत असेल.

जोड्याच्या तळव्यापासून क्लच प्लेटपर्यंत

सरकवायचा पट्टा मोठ्या ताकदीला पुरेना, पावसात भिजला की घसरायचा. मग फ्लायव्हीलमध्येच शंकूसारखा भाग दाबून बसवायची पद्धत आली. त्या शंकूला बाहेरून चामडं. हे चामडं घसरायला लागलं की त्या वेळचे ड्रायव्हर त्यावर मुलतानी मातीसारखी भुकटी टाकायचे. आमचा मिस्त्री राळ लावायचा तसंच.

चामड्याच्या जागी टिकाऊ वस्तू कशी आली त्याची गोष्ट शेतकऱ्याने ऐकण्यासारखी आहे. इंग्लंडच्या डर्बीशायरमध्ये हर्बर्ट फ्रूड नावाचा माणूस होता. डोंगरातल्या उतारावर शेतकरी गाड्या उतरवताना ब्रेकच्या लाकडाला जुन्या बुटाचा तळवा लावतात, हे त्याने पाहिलं. त्यावरून १८९७ च्या सुमारास त्याने ब्रेकसाठी घर्षण देणारे ठोकळे करायला सुरुवात केली. पुढे त्याची कंपनी फेरोडो या नावाने ब्रेक आणि क्लचच्या लायनिंगसाठी जगभर गेली. म्हणजे आज क्लच प्लेटला जे लायनिंग असतं त्याच्या मुळाशी एका बैठ्या गाडीचा जुना बूट आहे.

एक धोक्याची गोष्ट इथेच सांगून ठेवतो. विसाव्या शतकात बराच काळ या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस वापरत. त्याची धूळ फुप्फुसात गेली की वर्षांनंतर जीवघेणा आजार होतो. आपले जुने मिस्त्री क्लच उघडला की तोंडाने फुंकर मारायचे किंवा हवेचा पाइप लावायचे. हे करू नका. ओल्या फडक्याने पुसा, तोंडाला कपडा नाही, नीट मास्क लावा. लायनिंग कशाचं आहे ते नुसतं बघून कळत नाही.

खाडीपलीकडून आलेल्या गाड्या

आपल्या देशातल्या मोटारींचा बराचसा इतिहास उरणच्या समोरच्या किनाऱ्यावर घडला, हे आपल्या कधी ध्यानात येत नाही. आज अटल सेतू आपल्या चिर्ल्याकडून निघून जिथे मुंबईत उतरतो त्या शिवडीत जनरल मोटर्सने १९२८ साली गाड्या जोडायचा कारखाना काढला होता. १९४४ साली वालचंद हिराचंद यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी केली, तिचा कारखाना कुर्ल्यात. मोऱ्याहून लाँचने गेलं की भाऊच्या धक्क्याला उतरतो ना, त्या माझगावात १९४७ च्या सुमारास महिंद्रांनी जीप जोडायला सुरुवात केली. आणि १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टर, तो कांदिवलीत.

या सगळ्या गाड्या खोलायला सोप्या होत्या. फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, तिच्यात वॉल्व चालवायला बेल्ट नाही, साखळी. साखळी तेलात फिरणार, सैल झाली की खडखड आवाज करून आधी सांगणार. ट्रॅक्टरात तर दात्यांची चाकंच, म्हणजे टायमिंग गिअर. क्लचही उघडा कारभार. जुन्या प्रेशर प्लेटला स्प्रिंगा आणि तीन बोटं असायची, तिन्ही बोटं एका उंचीला लावायची. उंची मोजायला साधी पट्टी पुरायची. पुढे एकाच पसरट स्प्रिंगची डायफ्राम प्लेट आली, मग बोटं लावायचं काम गेलं.

सामानासाठी आमचे लोक कुर्ल्याच्या सीएसटी रोडला किंवा चोरबाजारात जायचे. सकाळच्या लाँचने गेलेला माणूस संध्याकाळी खांद्यावर प्रेशर प्लेट घेऊन परत. मी स्वतः वीस-बावीस वर्षांचा असताना पोत्यात गुंडाळलेली जीपची क्लच प्लेट अशी आणली आहे, आणि लाँचवर कोळणींनी विचारलं होतं, "तव्या घेऊन चाललास का रं?"

दात्यांचा पट्टा: शिलाई मशीन आणि पेरणी यंत्र

आता टायमिंग बेल्ट. गिरणीचा सपाट पट्टा थोडा थोडा घसरतच असतो. हलरला त्याने फरक पडत नाही. पण जिथे दोन गोष्टी एका तालात चालायला हव्यात तिथे घसरणारा पट्टा चालत नाही. शिलाई मशीनमध्ये वरची सुई आणि खालचं शटल यांची गाठ चुकली की टाका सुटतो. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर नावाच्या पट्टे बनवणाऱ्या कंपनीने शिलाई मशीनसाठी आतून दाते असलेला रबरी पट्टा तयार केला. साखळीसारखा न घसरणारा, पण तेल नको आणि आवाज नाही.

हा पट्टा विकायच्या मोटारीच्या इंजिनात पहिल्यांदा कोणी घातला? जर्मनीत बव्हेरियातल्या डिंगोल्फिंग गावच्या हान्स ग्लास कंपनीने, १९६२ साली, ग्लास १००४ या गाडीत. आणि ही कंपनी मूळची काय करायची माहीत आहे? शेतीची यंत्रं. तिची पेरणी यंत्रं नावाजलेली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर आधी स्कूटर, १९५५ मध्ये गोगोमोबिल नावाची छोटी गाडी, आणि मग ही. १९६६ मध्ये बीएमडब्ल्यूने ती कंपनी विकत घेतली.

हे वाचलं तेव्हा मला फार बरं वाटलं. कारण पेरणी यंत्र म्हणजे दुसरं काय? चाक जेवढं फिरेल त्या हिशेबात दाणा पडला पाहिजे. चाक फिरलं आणि दाणा मागे राहिला तर ओळीत खाडे पडतात. क्रँक आणि कॅमचं नातंही असंच. ग्लासच्या कारागिरांच्या मनात तेव्हा काय होतं ते मी कसं सांगणार, पण पेरणी यंत्राच्या घरातून टायमिंग बेल्टची गाडी निघाली एवढं नक्की.

पुढे फियाटसकट सगळ्यांनीच हा बेल्ट उचलला. हलका, स्वस्त, बिनआवाजाचा. पण एक खोट आहे. साखळी आवाज करून मरते, बेल्ट गुपचूप मरतो. रबर आहे ते. तेल लागलं की फुगतं, उन्हाने कडक होतं, आणि गाडी न चालवता उभी ठेवली तरी वय होतंच. काही इंजिनांत बेल्ट तुटला की गाडी फक्त बंद पडते. काहींत उघडे राहिलेले वॉल्व पिस्टनवर आपटून वाकतात, आणि मग हेड उतरवण्याशिवाय गत्यंतर नाही.

त्या हिवाळ्यात

साध्या माणसाच्या आवाक्यात टायमिंग बेल्ट आणला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली दिली गेली. तीन सिलिंडरचं छोटं इंजिन. वर्षभरात त्याच इंजिनाची मारुती व्हॅन आली, तिलाच पुढे ओम्नी नाव पडलं.

हा दिवस मला लक्षात राहतो तो मारुतीमुळे नाही. त्यानंतर पाच आठवडेही झाले नव्हते, आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला आपल्या उरणात शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. १९७० साली सिडको झाली, ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर नोटीस आली. दि. बा. पाटील साहेबांच्या मागे लोक उभे राहिले. दास्तान फाटा, जासई, नवघर, सगळीकडे माणसं रस्त्यावर. पाच जण हुतात्मा झाले. मी तेव्हा नववीत होतो. बा दोन दिवस घरी आला नव्हता. आई चुलीपुढे बसून होती, भात शिजला होता पण वाढला नव्हता. या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के जमिनीची योजना आली.

एकाच हिवाळ्यात देशाला स्वस्त मोटार मिळाली आणि आमच्या जमिनीचा भाव रक्ताने ठरला. मे १९८९ मध्ये न्हावा शेवाचं बंदर चालू झालं. शेतावर कंटेनरचे ढीग उभे राहिले. गिरणीचं भात कमी झालं, मग गिरणी बंद झाली. तो पट्टा किती तरी दिवस खिळ्याला लटकत होता, शेवटी कोणीतरी कापून बैलांच्या पट्ट्यांना वापरला.

पैसा आला, पाना आला नाही

जमीन गेलेल्या घरांतली पोरं गाड्यांकडे वळली. कोणी ड्रायव्हर, कोणी क्लीनर. ज्यांना मोबदला मिळाला त्यांतल्या काहींनी जीप, टेम्पो, ट्रक घेतले. माझ्या चुलतभावाने ट्रक घेतला. चालवायला एक नंबर, पण बॉनेट उघडायचं म्हटलं की मिस्त्री. वर्षाच्या आत क्लच जळाला, कारण चढावर गाडी उभी असताना तो ब्रेक न दाबता अर्ध्या क्लचवर गाडी तोलून धरायचा. दुरुस्तीला गाडी टाकली, हप्ता थकला. सहा महिन्यांनी परत क्लच. तिसऱ्या वर्षी ट्रक फायनान्सवाले घेऊन गेले.

त्याच गावात दुसरा एक जण होता, मिठागरावर पंपाच्या इंजिनावर काम केलेला. त्यानेही ट्रक घेतला, तोही जुना. आवाजावरून बेअरिंग ओळखायचा. त्याचा ट्रक सतरा वर्षं चालला. चुलतभावाला मी दोष देत नाही. जमीन घेताना आम्हाला पैसे मिळाले, पण जमिनीबरोबर जे शहाणपण जातं त्याच्या बदल्यात दुसरं शहाणपण शिकवायला कोणी आलं नाही. नांगराचा फाळ बसवणारा माणूस प्रेशर प्लेटही बसवू शकतो. त्याला फक्त कोणीतरी एकदा शेजारी बसवून दाखवावं लागतं.

आमचं खळ्यातलं काम

आता आमच्या ओम्नीवर येतो. २००६ ची आहे, आमच्याकडे सेकंड हँड आली. भाजी, खत, कधी पाव्हणे. मागच्या हिवाळ्यापासून कर्नाळ्याच्या खिंडीत चढावर इंजिन ओरडायचं पण गाडी उचलायची नाही. वास यायचा. क्लचची वायर ताणून पाहिली, फरक नाही. म्हणजे प्लेट संपली. टायमिंग बेल्ट कधी बदलला होता याची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणजे बदललेला नाही असंच धरायचं.

एका गॅरेजमध्ये विचारलं तर सगळं मिळून नऊ हजार सांगितले आणि आठ दिवसांनी आणा म्हणाले. आम्ही सामान आणलं: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग, टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि दोन ऑइल सील. साडेचार हजारांच्या आत बसलं.

ओम्नी मागच्या चाकांवर चालते, त्यामुळे गिअरबॉक्सपासून मागे प्रोपेलर शाफ्ट असतो. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. चारही बाजूंना सागाचे ठोकळे लावून गाडी उंच केली. प्रोपेलर शाफ्ट सोडला, जोडाला खडूने खूण केली म्हणजे परत त्याच जागी बसेल. स्टार्टर, क्लचची वायर, स्पीडोमीटरची केबल काढली. मग गिअरबॉक्सखाली जॅकवर फळी ठेवून बोल्ट सोडले आणि मागे ओढून खाली घेतला. पोर खाली, मी वर. आतली प्लेट रिव्हेटपर्यंत झिजलेली. फ्लायव्हीलवर निळे डाग, म्हणजे तापलेलं.

नवी प्लेट बसवताना एक बाजू फ्लायव्हीलकडे, एक गिअरबॉक्सकडे असते, ती बघूनच बसवायची. प्लेट बरोबर मधोमध आली पाहिजे, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत शिरत नाही. कंपनीचं हत्यार आमच्याकडे नव्हतं. पोराने शिवणीच्या लाकडाचा दांडा रंध्याने घासून मापाचा केला. दोन पावलं जाड, दोन पावलं बारीक नाही हं, दोन बोटांइतकाच! त्यावर प्लेट मधोमध बसली. प्रेशर प्लेटचे बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळले.

टायमिंग बेल्टच्या वेळी मी पोराला थांबवलं आणि माझी जुनी चूक सांगितली. पंधराएक वर्षांपूर्वी एका नातेवाइकाच्या मारुतीचा बेल्ट मी घाईत बदलला होता. अंधार पडला होता, खूण पुसट होती, मी अंदाजाने बसवला. गाडी चालू झाली म्हणून खूश झालो. पण ओढ नाही, तेल जास्त खाते. नातेवाईक महिनाभर पंपवाल्याला शिव्या देत होता. परत उघडला तेव्हा कळलं, बेल्ट एका दात्याने चुकला होता. एका दात्याने. मी त्याला खरं सांगितलं तेव्हा तो हसला, पण मला आजही लाज वाटते.

म्हणून या वेळी जुना बेल्ट काढायच्या आधीच दोन्ही पुल्यांच्या कंपनीच्या खुणा जुळवल्या, वर पांढऱ्या रंगाने आपली खूण केली, फोटो काढला. जुना बेल्ट काढल्यावर उलटा दुमडून पाहिला, दात्यांच्या मुळाशी बारीक भेगा. कॅमच्या सीलमधून तेल झिरपत होतं, म्हणून सील बदलले. तेल गळतंय आणि आपण नुसता बेल्ट बदलला तर नवा बेल्टही तसाच मरणार. नवा चढवून टेन्शनर लावला आणि मग स्टार्टर न मारता, प्लग काढून, पान्याने क्रँक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवला. खुणा परत जुळल्या. कुठे अडलं नाही. तेव्हाच प्लग लावले.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी किल्ली पोराच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी भाजी घेऊन तो कर्नाळ्याच्या खिंडीतून गेला आणि फोन करून म्हणाला, "बाबा, चौथ्यावर चढली."

पुढचं काय

आता नव्या गाड्यांत पुष्कळ कंपन्या परत साखळीकडे वळल्यात, हे चांगलंच. पण त्याच गाड्यांत आणि नव्या ट्रॅक्टरांत संगणक आलाय. पाना असून भागत नाही, कंपनीचं मशीन जोडल्याशिवाय दोष कळत नाही. अमेरिकेतले शेतकरी यावरून कंपन्यांशी वर्षानुवर्षं भांडले. तिथे जानेवारी २०२३ मध्ये जॉन डिअरने शेतकरी संघटनेबरोबर दुरुस्तीची माहिती आणि हत्यारं देण्याचा करार केला. आपल्याकडे जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्या यादीत मोटारी आहेत, आणि शेतीची अवजारंही आहेत. ट्रॅक्टर, पॉवर टिलर, रीपर घेताना दुकानदाराला विचारा: दुरुस्तीचं पुस्तक मिळेल का, सुटे भाग किती वर्षं मिळतील? सगळ्यांनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

सगळ्यांनी सगळं घरी खोला असं मी म्हणत नाही. ब्रेक, स्टिअरिंग अर्धवट माहितीवर उघडू नका. जमत नसेल तर मिस्त्रीकडेच द्या, पण शेजारी उभे राहून बघा. थोडक्यात ध्यानात ठेवायचं ते असं:

१. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका. ठोकळे किंवा घोड्या लावाच.

२. गिअरबॉक्स खाली घेतलाच आहे तर प्लेट, प्रेशर प्लेट आणि बेअरिंग तिन्ही बदला. क्रँकचं मागचं सीलही तेव्हाच बघून घ्या.

३. टायमिंग बेल्ट किलोमीटरवर आणि वर्षांवर, दोन्हींवर बदलायचा असतो. आपल्या शेतकऱ्याची गाडी कमी चालते, म्हणून बेल्ट नवा आहे असं समजू नका. आकडा गाडीच्या पुस्तकात बघा.

४. खुणा जुळल्याशिवाय आणि हाताने दोन फेरे फिरवल्याशिवाय स्टार्टर मारू नका.

५. तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवा. आम्ही बॉनेटच्या आत रंगाने लिहिलंय.

म्हातारे बाबा शेवटपर्यंत बसून होते. जाताना जुना बेल्ट मागून घेऊन गेले. म्हणाले, "गिरणीतला पट्टा एवढा मोठा होता, आणि हा बघ, पोराच्या कंबरेला येईल." आता तो त्यांच्या काकडीच्या मांडवाला बांधलेला आहे.

तुमच्या भागात गिरणीचे पट्टे, लूज पुल्या, जुनी इंजिनं कोणाकडे असतील तर फोटो काढून ठेवा, आणि चालवणारा मिस्त्री हयात असेल तर त्याच्याजवळ बसून विचारून घ्या. आमचा गिरणीचा मिस्त्री गेला, तेव्हा मी विचारायचं राहून गेलं की पट्टा शिवताना तो कोणती गाठ मारायचा.

पाऊस जवळ आलाय. पुढची नोंद रोपांवर.